आई, बोगदा आला

दहाची दोन नाणी फरशीवर पडली. एक पडल्या जागी बसलं, दुसरं गोल गोल फिरत आईच्या फोटोखालच्या टेबलाच्या पायापर्यंत गेलं आणि तिथे लवंडलं. एक छापा, एक काटा. "बघ, हो म्हणाली!" आत्या म्हणाली आणि सकाळपासून ओढलेला तिचा चेहरा जरा सैल झाला. "जेवली गं बाई. पहिल्याच खेपेला. आमच्या सासूबाईंनी आम्हाला किती लटकवलं होतं माहितेय? नाही, नाही, नाही. शेवटी जाऊबाईंच्या लक्षात आलं, म्हातारीच्या ताटात मिरचीचं लोणचंच नव्हतं." मांडवात बसलेल्या बायका हसल्या. बाबाही हसल्यासारखे काहीतरी करून उठले आणि बाहेर सिगारेट ओढायला गेले. युन्शी नाणी उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली. ताटात भात होता, तळलेला टोफू होता, लसूण घातलेला रताळ्याचा पाला होता, वाटीवर जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या होत्या, आणि आई जेवली असणं शक्यच नव्हतं. कारण आई इथे नव्हती. घरातल्या बर्फाच्या पेटीत जे होतं ते होतं, पण ज्या आईला जेवायला वाढायचं, सकाळी तोंड धुवायला पाणी द्यायचं, रात्री झोप म्हणून सांगायचं, ती आई इथवर पोचलीच नव्हती. ती मोठ्या बोगद्यात राहिली होती. आणि हे साऱ्या घरात फक्त युन्शीला माहीत होतं.

तैपेईच्या इस्पितळातून आईला घरी लुओतुंगला आणायचं ठरलं तेव्हा अंत्यविधीचं बघणाऱ्या च्यांगने युन्शीला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं होतं. च्यांग तरुणच होता, काळा कोट, चकचकीत बूट, आणि बोलणं असं की बँकेत खातं उघडून देतोय. "तू एकुलती एक, म्हणजे हे काम तुझं. हातात उदबत्ती धरायची, मांडीवर आईच्या नावाची पाटी, आणि वाटेत सांगत राहायचं. पूल आला की पूल आला म्हणायचं. वळण आलं की वळण. बोगद्यात शिरताना सांगायचं आणि बाहेर आलो की तेही सांगायचं. मोठ्यानं हं. तिला आता दिसत नाही काही, ती नुसती तुझ्या आवाजामागून येणार. आवाज थांबला की ती थांबणार. समजलं ना, बाळा?" युन्शीला समजलं होतं. बाबा आणि आत्या मागून दुसऱ्या गाडीतून येणार होते. ती शववाहिनीत चढली. पुढे सुपारी चघळणारा ड्रायव्हर, मागे आई. पहिल्या पुलाशी तिने सांगितलं, "आई, पूल आला," आणि तिला स्वतःच्या आवाजाची इतकी लाज वाटली की कान तापले. शाळेत गोष्ट सांगायच्या स्पर्धेत उभं केलंय आणि समोर एकच माणूस बसलाय, तसं काहीतरी. ड्रायव्हर पुढेच बघत होता. दुसऱ्या पुलाला ती थोडं बरं बोलली. पहिला बोगदा, दुसरा बोगदा. आई, आत शिरलो. आई, बाहेर आलो. उदबत्तीचा धूर गाडीत कोंडला होता आणि डोळे चुरचुरत होते. इस्पितळातल्या खुर्चीवर बसून काढलेल्या रात्री तिच्या मानेत, पापण्यांत, गुडघ्यांत साठल्या होत्या. मोठ्या बोगद्याच्या आधीची रस्त्याकडेची पिवळी पाटी तिला आठवत होती. त्यानंतर आठवत होता तो उजेड. एकदम मोकळं आभाळ, पाणी भरलेली भातखाचरं, आणि डावीकडे समुद्रात कासवाच्या आकाराचं बेट. दर वेळी ते बेट दिसलं की आई म्हणायची, आलं बाई घर. हातातल्या उदबत्तीची राख वाकडी होऊन मांडीवर, आईच्या नावावर पडली होती. ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "झोप लागली होती तुला," तो म्हणाला. "उठवलं नाही. फार दमलेली दिसलीस, पोरी." इतक्या मायेने म्हणाला की तिला त्याचा गळा आवळावासा वाटला. गाडी फिरवा, असं तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. घराच्या दारात आत्याने विचारलं, "सगळीकडे सांगितलंस ना गं?" आणि युन्शी म्हणाली, "हो."

एवढ्याशा शब्दाने माणूस किती अडकतं. त्यानंतर रोज सकाळी ती तांब्याच्या घंगाळात कोमट पाणी आणून फोटोपुढे ठेवायची, ब्रशवर पेस्ट लावून तो पेल्यावर आडवा ठेवायची, बाजूला घडी केलेला टॉवेल. "आई, ऊठ. तोंड धू." मग न्याहारी, मग संध्याकाळी जेवण, मग "आई, झोप आता." प्रत्येक जेवणानंतर नाणी, आणि नाणी प्रत्येक वेळी हो म्हणायची. आत्या सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली, वहिनी जिवंतपणी होती तशीच आहे, कुणाला त्रास म्हणून नाही. आणि युन्शीच्या डोक्यात एकच चक्र. जर आई इथे नाही तर हो कोण म्हणतंय? दुसरंच कोणी येऊन बसलंय का आईच्या ताटावर, ज्याला घरचं कुणी वाढत नाही असं एखादं भुकेलं? की कोणीच नाही, आणि नाणं म्हणजे नुसतं नाणं, वर फेकलं की कशीतरी एक बाजू वर करून पडणारं? पहिल्याची तिला भीती वाटायची. दुसऱ्याची त्याहून जास्त. कारण नाणं जर नुसतं नाणं असेल तर पाटी नुसता कागद, उदबत्ती नुसता वास, आणि मग आई बोगद्यातही नाही. मग ती कुठेच नाही. हा विचार आला की युन्शी भिंतीला पाठ लावून बसायची आणि स्वतःला बजावायची, नाही, ती बोगद्यात आहे. अंधारात, कडेच्या त्या अरुंद पायवाटेवर, भिंतीला अंग चिकटवून उभी आहे, अंगावरून गाड्या जाताहेत, आणि ती वाट बघतेय की पोरगी आता काहीतरी बोलेल. हे भयंकर होतं. पण दुसरं जे होतं त्यापेक्षा बरं होतं. लोक येत होते, पैशांचे लिफाफे देत होते, डोकं टेकवत होते. तिच्या वर्गातल्या मुली आल्या, गणवेशात, रांगेने, आणि त्यांना कळेना काय बोलावं. त्यातली एक म्हणाली, "तू किती धीराची आहेस, रडत पण नाहीस." युन्शीला सांगावंसं वाटलं, अगं, रडायचं कुणापुढे? जिच्यासाठी रडायचं ती अजून यायचीय.

आणि बोगदाच का? दुसरीकडे कुठे झोप लागली असती तर. आई एखाद्या पुलावर राहिली असती तर तिने कठड्याला टेकून नदी बघितली असती, तिला नदी आवडायची. वळणावर राहिली असती तर एखाद्या भाजीवाल्याशी गप्पा मारत उभी राहिली असती. पण आई बोगद्याला भ्यायची. बाजारामागे तिचं केस कापायचं दुकान होतं, अख्ख्या लुओतुंगच्या बायका तिच्या हाताखाली मान वाकवायच्या, पोलीसपाटलासारखी ती दुकान चालवायची, कुणाचं देणं-घेणं, कुणाची भांडणं सगळं तिथे मिटायचं, आणि ही बाई मोठ्या बोगद्याचं तोंड दिसलं की लहान व्हायची. आजार निघाला, तैपेईला जाऊन औषध चढवून घ्यायचं सुरू झालं, तेव्हा बाबा बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात अडकलेले असायचे. ती स्वतः गाडी चालवायची आणि युन्शीला शेजारी बसवायची. "कशाला येऊ मी? माझी परीक्षा आहे," युन्शी म्हणायची. "बोलायला," आई म्हणायची. "बोगद्यात कुणीतरी बोलायला पाहिजे मला. तू नुसती बडबड कर, काय वाटेल ते. थांबू नकोस म्हणजे झालं." बोगदा लांबच लांब, एकदा शिरलं की मागचं तोंड दिसेनासं होतं आणि पुढचं दिसत नाही. आईची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडायची. युन्शी बोलायची. आधी शाळेतलं खरं, ते संपलं की खोटं. गणिताच्या सरांचं आणि ग्रंथालयातल्या बाईंचं जमलंय, अशी एक थाप तिने एकदा मारली आणि मग ती दर खेपेला वाढवावी लागली. सर छत्री विसरले, बाईंनी ती घरी नेली, सरांच्या आईला कळलं. "मग?" आई समोर बघत विचारायची. "मग काय झालं? गप्प नको बसूस गं." एकदा युन्शी खरोखर कंटाळली होती. सगळ्या मैत्रिणी सिनेमाला गेल्या होत्या आणि ही इथे आईला गोष्टी सांगत होती. मधेच ती गप्प झाली. मुद्दाम. नुसता तिचा श्वास ऐकू यायला लागला, वरवरचा, दमलेल्या कुत्र्यासारखा. युन्शीने मनात म्हटलं, बघू किती वेळ. आणि मग तिचीच हिंमत झाली नाही, ती बोलायला लागली. तो श्वास आता तिच्या कानात बसला होता. घंगाळ ठेवताना, नाणी फेकताना, लोकांपुढे वाकताना.

मामा आला तेव्हा च्यांगने युन्शीला मांडवाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसवलं. बाई गेली की तिच्या माहेरच्या माणसाचा शब्द शेवटचा, तो बघून बरं म्हणाला तरच पुढचं पुढे सरकतं, म्हणून आत्यासुद्धा त्या दिवशी आवाज खाली ठेवून होती. मामा रुईफांग गावचा, आईपेक्षा बराच मोठा, पाठीत वाकलेला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्याने युन्शीला दंडाला धरून उठवलं. मग पेटीपाशी जाऊन बहिणीकडे, त्याच्या अ-चूकडे, खूप वेळ पाहिलं. "मोजे कुणी घातले?" त्याने विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. "का हो, काही चुकलं का?"

"नाही. पाय गार पडायचे तिचे. बरं केलंत." त्याने एक खुर्ची ओढली आणि युन्शीला शेजारी बसवलं. "आणि हिला घरी कुणी आणलं? तू?"

"हो, मामा."

"मोठ्या बोगद्यातून?"

"हो."

"बोललीस ना सगळ्या बोगद्यात?"

युन्शीने मान हलवली. कशी हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही. मामाने तिचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिला. "शाबास. मला तेवढीच काळजी होती, अ-चूला आणताना तेवढंच एक. दुसरं काही विचारायला मी आलो नाही." मग तो आत्याकडे वळून, पण खरं तर कुणालाच न सांगता, सांगू लागला. "आमचे बाबा कोळशाच्या खाणीत गेले. आत दरड आली, पाणी आलं. थोड्यांना काढलं, बाकीच्यांना नाहीच काढता आलं. खाणीचं तोंड लिंपून टाकलं. आमची आई खाणीबाहेर उभी राहून हाका मारायची. मला म्हणायची, तू आत जाऊन बोलव, तू मुलगा आहेस. मी नाही गेलो. आत कुणी सोडतच नव्हतं, आणि सोडलं असतं तरी गेलो नसतो, एवढी भीती. अ-चू माझं बोट धरून होती. ती मला विचारायची, दादा, बाबांना ऐकू नाही आलं तर ते तिथेच राहणार का? काय सांगणार? पुढे घरात त्यांच्या नावाची पाटी ठेवली, ताट वाढलं. पण आई मरेपर्यंत म्हणत होती, ताट कशाला वाढता, तिथे आहे कोण खायला." त्याने युन्शीचा हात पुन्हा थोपटला. "घरातला एक माणूस तसा राहिला. दुसरा नको. तू हाक मारलीस, बरं झालं, पोरी."

आत्या डोळे पुसत चहा आणायला गेली. युन्शी मामाच्या हातातला आपला हात तसाच ठेवून बसली होती आणि तो हात तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. आई कधी काही बोलली नव्हती. कोळसा नाही, खाण नाही, बाप नाही. नुसतं, थांबू नकोस म्हणजे झालं. त्या खेपेला आपण मुद्दाम गप्प बसलो होतो तेव्हा ती कुठे होती, कुठल्या अंधारात, आणि परत बोललो तेव्हा ती कुठून वर आली. आणि आता. युन्शी उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून स्वतःला स्पष्ट सांगितलं की तू तिला तिच्या बापाजवळ नेऊन सोडलंस. उद्या पेटी बंद होणार, परवा निरोप. निरोप कुणाला देणार हे? ती तिथेच राहील. तोंड लिंपून टाकतील.

दुसऱ्या दिवशी न्याहारीचं ताट ठेवून, नाण्यांचं हो ऐकून, तिने आत्याला सांगितलं की शाळेत एक सही करून यायचंय. "सुतकात कुठे भटकतेस?" आत्या म्हणाली. "आणि कुणाच्या घरात पाऊल टाकू नकोस, लोकांना चालत नाही." काळ्या कपड्यांवर आईचं तपकिरी जाकीट घालून ती निघाली. तैपेईच्या बसमध्ये बसली. बोगद्यात पायी कुणाला जाऊ देत नाहीत, म्हणजे बसनेच जायचं. जाताना ती ओठ घट्ट मिटून होती. आत्ता आपण बोललो तर आई उलट्या बाजूने मागे लागायची आणि परत इस्पितळात जाऊन पोचायची, या विचाराने तिला हसू आलं आणि हसू आल्याची भीतीही वाटली. खिडकीबाहेर भिंत पळत होती. दिवे, आणीबाणीचं दार, दिवे, आणीबाणीचं दार. ती प्रत्येक दारापाशी बघत होती. दिसलं काही नाही. पण तिच्या अंगावर काटा उभा राहिला आणि तो बोगदा संपेपर्यंत उतरला नाही, आणि त्याने तिला फार बरं वाटलं. तैपेईत पहिल्याच थांब्यावर उतरून तिने रस्ता ओलांडला आणि परतीच्या बसच्या रांगेत उभी राहिली.

परतीची बस भरलेली होती. तिच्या शेजारी एक माणूस, मांडीवर औषधाच्या नमुन्यांची बॅग, मान मागे टाकून झोपलेला. पलीकडे दोन बाया मुलांच्या शिकवणीबद्दल बोलत होत्या. युन्शी मनात शब्द घोळवत राहिली. एवढे लोक. वेडी म्हणतील. सुतकातली मुलगी बसमध्ये कशी म्हणून उतरवतील. हळू बोललं तर चालेल का? नाही, मोठ्यानं हं, च्यांग म्हणाला होता. पिवळी पाटी मागे गेली. मोठ्या बोगद्याचं तोंड समोर आलं. बस आत शिरली. दिवे सुरू झाले. गप्प नको बसूस गं. "आई," ती म्हणाली. आवाज फाटका आला. "आई, बोगदा आला. मी आलेय. चल."

पलीकडच्या बाया बोलायच्या थांबल्या. शेजारचा माणूस जागा झाला, त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. इथे कुणाला कळत नाही? तो बॅग उचलून मागे गेला आणि पायऱ्यांजवळ दांडी धरून उभा राहिला. घाबरून गेला की जागा करून दिली, ते युन्शीला समजलं नाही. शेजारची सीट रिकामी झाली. बोगदा लांब होता, एका वाक्याने भागणार नव्हतं, म्हणून ती बोलत राहिली. "आई, मी झोपले होते गं. मुद्दाम नाही. त्या दिवशी मुद्दाम नाही. मामा आलाय. तुझे मोजे त्याने बघितले, बरे आहेत म्हणाला. आत्या रोज तुझ्या नावाने सगळ्यांना फुशारक्या मारते. बाबा सिगारेट ओढायला बाहेर जातात ते येतच नाहीत. मांडव गळतोय. च्यांगचे बूट बघितलेस का, तोंड दिसतं त्यांच्यात. चालतेयस ना? भिंतीच्या बाजूने ये. आणि गणिताच्या सरांचं सांगायचं राहिलं. त्यांचं काहीच नव्हतं गं, मी थापा मारत होते. पण समजा असेल. समजा सरांनी शेवटी विचारलं. बाई म्हणाल्या, विचार करून सांगते." तिच्या तोंडाला कोरड पडली होती. बसमध्ये नुसता इंजिनाचा आवाज आणि तिचा. कुणी हसलं नाही. एका बाईने आपल्या मुलाचं तोंड स्वतःच्या कुशीत वळवून घेतलं. मग लांबवर पांढरा ठिपका दिसला आणि मोठा व्हायला लागला, आणि युन्शीचं बोलणं अडखळलं. हे तिने धरलंच नव्हतं. आतापर्यंत आई कुठे आहे हे तिला माहीत होतं. भयंकर जागा होती, पण जागा होती. बाहेर आलो म्हणून सांगितलं की आई घरी येणार, ताटावर बसणार, आणि उद्या तिला सगळे मिळून कायमचं पाठवणार. न सांगितलं तर ती इथे राहील. कधीही बसमध्ये बसावं आणि तिच्या अंगावरून जावं. युन्शीने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात कोंबले आणि पोटाशी आवळले. आणि गप्प झाल्याबरोबर तिला तो श्वास ऐकू आला, वरवरचा, शेजारच्या सीटवर. तो तिचा स्वतःचाच असेल. असेना. उजेडाने बस भरली. "आई, बाहेर आलो," ती म्हणाली. "आलं बाई घर."

त्या संध्याकाळी तिने ताट स्वतः वाढलं. उकडलेला मासा, रताळ्याचा पाला, भात. उदबत्ती अर्धी जळाल्यावर आत्या म्हणाली, "विचार आता, पेटी बंद करायला भटजी खोळंबलेत." युन्शीने नाणी ओंजळीत खुळखुळवली. "आई, जेवण झालं का?" नाणी पडली. दोन्ही काटे. नाही.

"असू दे, परत टाक," आत्या म्हणाली. दोन्ही छापे. परत. दोन्ही छापे. मांडवात कुजबुज सुरू झाली. "मासा शिजला नाही वाटतं नीट," कुणीतरी म्हणालं. "मीठ कमी असेल." आत्या सोयासॉसची बाटली घेऊन धावली. युन्शी नाण्यांकडे बघत होती आणि तिच्या छातीत असा आनंद भरून आला की तो तोंडावर दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली. कुणीतरी होतं. कुणीतरी खरंच जेवत होतं, आणि त्याचं जेवण अजून व्हायचं होतं. "परत टाक ना गं," आत्या म्हणाली. "सगळं अडून राहिलंय. एवढे दिवस कधी नाही म्हणाली नाही ती."

"नाही टाकत," युन्शी म्हणाली आणि नाणी मुठीत घट्ट धरली. "जेवतेय ती. जेवू द्या की. आजच आलीय."

"आजच म्हणजे?"

"मी झोपले होते. मोठ्या बोगद्यात झोपले होते मी. ती तिथेच राहिली होती. आज बसने जाऊन आणली."

आत्या सोयासॉसची बाटली हातात धरून उभी होती. युन्शी मामाकडे बघू शकली नाही, पण तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग मामा तिच्या शेजारी, फोटोपुढे, गुडघे मोडत हळूहळू खाली बसला. त्याने मासा फोटोच्या बाजूला थोडा सरकवला. "सावकाश जेव, अ-चू," तो म्हणाला. "दमली असशील. आम्ही बसलोय."

ते बसून राहिले. भटजी मांडवात जांभया देत होते. उदबत्ती संपली, दुसरी लावली. बाबा आत आले होते, कधी ते कळलं नाही. ते युन्शीच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या हाताला डिझेलचा वास येत होता, इतके दिवस घरी बसूनही. "मलाही वाटतं नको टाकावीत," ते म्हणाले. आईच्या आजारपणात ते एवढंही बोलले नव्हते. "पण ताट पुढ्यात घेऊन ती किती बसेल, बाळा. टाक."

तिने मूठ उघडली. नाणी घामाने ओली झाली होती. काही न विचारता तिने ती नुसतीच टाकली. एक छापा, एक काटा. कुणी हुश्श केलं नाही. वाटी कुणी उचलेना, तेव्हा युन्शीने उचलली. भात गार झाला होता आणि वाढला होता तेवढाच होता, एक शीतही हललं नव्हतं, आणि तरी तिला ठाऊक होतं की आईचं जेवण झालं, आता ती उठेल. वाटी छातीशी धरून ती रडली, तोंड वासून, नाक पुसायचं भान न ठेवता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आईलाही ऐकू जात होतं.